कोण आलं नाही?

मशीन रागावत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. एकतीस वर्षं मी दुसरीचा वर्ग घेते आणि रागावते. खोटं कशाला बोलू? आवाज चढतो, टेबलावर डस्टर आपटलं जातं, मग पोरांचे चेहरे बघून माझं मलाच वाईट वाटतं आणि मधल्या सुट्टीत मी एकेकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवते. पोरांना हे पाठ झालंय. ‘बाई चिडल्या, आज शेंगदाणे,’ असं ती एकमेकांना हळूच सांगतात.

आणि ही पाटी! कितीही चुका, हिचा सूर तोच. ‘छान प्रयत्न! पुन्हा बघू या का?’

आमच्या जिल्ह्यानं प्राथमिक वर्गांसाठी ‘गणितवाट’ नावाचा अभ्यासक्रम विकत घेतला आणि जूनमध्ये तो खडकमाळच्या शाळेत खोक्यांतून आला. प्रत्येक पोराला एक बोलकी पाटी. वर्गात पोरं किती, ते मात्र विचारू नका. पूर्वी मी दारातूनच डोकी मोजून घ्यायचे, आता मोजत नाही. का, ते पुढे येईलच.

गणितवाट बनवणाऱ्या कंपनीत माझी लेक शर्वरी काम करते, पुण्याला. कुठल्या प्रश्नामागून कुठला प्रश्न यावा, हे ठरवणारे जे लोक आहेत त्यांची ती प्रमुख. मे महिन्यात घरी आली तेव्हा मी भाजी निवडत होते. समोर बसली आणि म्हणाली, “आई, सदतीस आणि अठ्ठेचाळीस मनात मिळव. आणि माझ्याकडे बघ.”

“पंच्याऐंशी. का गं?”

“तुझ्या डोळ्यांतली बाहुली आत्ता मोठी झाली होती. उत्तर सापडलं आणि आकसली. उजेडानं बाहुली लहानमोठी होते हे तू शिकवतेस ना? पण डोकं कामाला लागलं तरी ती मोठी होते. अंदाजपंचे उत्तर दिलं तर फारशी हलत नाही. पाटीतला कॅमेरा तेवढंच बघतो. बाहुली किती मोठी झाली, नजर कुठे थांबली, किती वेळ थांबली. त्यावरून पोराला जड जाईल पण झेपेल असा पुढचा प्रश्न येतो. फार सोपा नाही, फार अवघड नाही.”

“आणि पोर चुकलं तर?”

“तर थोडा सोपा. परत चुकलं तर अजून सोपा. पाटी कंटाळत नाही, आई. रागावत तर नाहीच.”

हे शेवटचं तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं. मी मेथीची जुडी सोडली आणि विषय बदलला.

पाट्या चांगल्या होत्या, हे कबूल करायला हवं. दोन महिन्यांत पोरं बेरजेला सरावली. माझी तक्रार होती ती उदाहरणांवर. सगळीकडे लिफ्ट! लिफ्ट चौथ्या मजल्यावर आहे, तीन मजले वर गेली, आता कुठे? आमच्या गावात दुसरा मजला फक्त पाण्याच्या टाकीला आहे. मी शर्वरीला फोन करून झापलं. “अगं, पोरांना त्यांच्या घरातलं काहीतरी दे. इथली निम्मी पोरं धनगरांची. मेंढ्या दे की!”

नियम असा होता की शिक्षकानं मनानं पाठात बदल करायचा नाही. त्यासाठी ‘पाठनिष्ठा’ नावाचे गुण होते, शंभरपैकी. नवऱ्यानंही माझ्याकडे कधी अशी मोजून निष्ठा मागितली नव्हती. पण वर्षातून एकदा प्रत्येक शाळेला एक स्थानिक बदल मागता यायचा, आणि मी आमचा तो बदल मेंढ्यांवर लावला. श्रावणात शर्वरीची माणसं आली, गावातल्या कळपांचं चित्रण करून गेली. गणपती झाले आणि पाट्यांवर खऱ्याखुऱ्या मेंढ्या आल्या. काळ्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या, बें बें करणाऱ्या. वर्गात असा दंगा झाला की मुख्याध्यापक बघायला आले. मी दिवसभर मिरवत होते.

बाणाई मासाळ दुसऱ्या रांगेत बसायची. सात वर्षांची, काटकुळी, दोन घट्ट वेण्या. आईबाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. तेवढे दिवस ही आत्याकडे राहायची. लिफ्टच्या गणितात तिला कुणी हरवत नव्हतं. मेंढ्या आल्या आणि ती थांबली.

थांबली म्हणजे अगदी थांबली. पाटी विचारायची, ‘कुरणात किती मेंढ्या आहेत?’ बाणाई बघत राहायची आणि बोट मांडीखाली घालायची. पाटीनं बारावरून आठ केल्या, आठावरून पाच, पाचावरून दोन. शेवटी तर एकच मेंढी. ‘छान प्रयत्न! पुन्हा बघू या का?’ बाणाई गप्प.

मला कळायला महिना लागला, कारण आकडे मी बघतच नव्हते. मी मेंढ्यांवर खूश होते. आश्विनात पाटीनं मला लाल खूण दाखवली. ‘प्रयत्न भरपूर, संख्येचं आकलन नाही. पूर्वतयारी गटाची शिफारस.’ दिवाळीआधीच्या चाचणीत तिसाच्या खाली गुण आले की पोर पूर्वतयारीत जायचं. म्हणजे परत अंगणवाडीच्या पोरांबरोबर मणी ओवायला.

धुळा मासाळ, बाणाईचा बाप, शाळेत आला तो दारातच उभा राहिला. उंच माणूस, खांद्यावर घोंगडी.

“बाई, म्या काय ऐकतुया?”

“धुळाभाऊ, अजून चाचणी व्हायचीय. शुक्रवारी आहे.”

“पर मशीन म्हणतंय ना, पोरीला येक बी येत न्हाई म्हून?” तो खालीच बघत होता. “मनी ववायला ठिवू व्हय तिला आत्याच्या गळ्यात? तिच्या आयशीला तिच्याबिगर करमत न्हाई, तरी बी शिकंल म्हून ठिवतो. शिकतच नसंल तर येऊ द्या आमच्यासंगं. कोकरं तर राखंल.”

“शुक्रवारपर्यंत थांबा,” मी म्हटलं.

त्या दुपारी मी बाणाईला एकटीला बसवलं. पाटीवर एक मेंढी होती. एकच, कान हलवत उभी. मी गोडीत विचारलं, मग जरा मोठ्यानं, आणि मग माझा तोल गेला. “अगं, एक आहे! एक! आंधळ्यालासुद्धा दिसेल! बोल की!” डस्टर आपटलं. ती दचकली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून आवाज नाही. मी शेंगदाणे पुढे केले, तिनं घेतले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

दिवस मावळायच्या आत मी माळावर गेले. धुळाची मेंढरं त्या आठवड्यात पाटलांच्या रानात बसवली होती. जाळीची वाघर लावून चौकोन केलेला, एका बाजूला तोंड उघडं. चरून आलेली मेंढरं धुळा हाकत होता आणि बाणाई तोंडाशी उभी होती. मेंढरं तिच्या पायांना घासून आत शिरत होती आणि ती पुटपुटत होती. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं.

“कानी आली. चांदी आली. भुंडी आली. तांबडी आली, तिचं लेकरू आलं. लंगडी… आली.”

धूळ एवढी की मला माझी चप्पल दिसेना. शंभराच्या वर जनावर असेल, आणि ही पोरगी थांबत नव्हती, अडखळत नव्हती.

सगळी आत गेल्यावर धुळानं विचारलं, “समदी हायती का गं, बाणे?”

“गुंडी न्हाई, आबा.”

धुळा लिंबाच्या झाडाकडे गेला आणि मागे राहिलेली एक म्हातारी मेंढी घेऊन आला. मी तोंडात बोटच घातलं.

“बाणाई, अगं, किती आहेत गं ही सगळी?” मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. धुळानं हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली. “बाई, असं इचारू नये. जित्राब मोजत न्हाईत. मोजलं की कमी हुतं.” मग मला वाईट वाटलं असेल म्हणून हसला. “गनतीवाला येतो तवा म्या म्हनतो, लिवा सायेब तुमच्या मनाला यील त्यो आकडा. म्या बघत न्हाई तिकडं.”

मला हसू आलं नाही. मला माझ्या सासूबाई आठवल्या. जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजल्या तर त्या माझा हात धरायच्या. आजही मी कुणाच्या ताटातल्या पोळ्या मोजत नाही. एवढं शिकूनसवरून नाही मोजत. आणि या पोरीला मी महिनाभर तिच्या घरची मेंढरं मोजायला लावत होते.

मी धुळीत खाली बसले. “बाणे, पाटीवरच्या मेंढ्या तर चित्रातल्या आहेत ना?”

“चित्रातल्या न्हाईत,” ती म्हणाली. तिचा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. “ती कानी हाय. आन चांदी हाय. आन चांदीचं कोकरू हुतं.”

“होतं?”

तिनं बापाकडे बघितलं, मग मला बिलगून कानात बोलायला लागली, पण हुंदके एवढे की धुळालाही ऐकू गेलं. “पयल्या दिशी म्या मोजली. बारा म्हनलं. पाटीनं चांदन्या दिल्या. मग लांडग्यानं चांदीचं कोकरू नेलं. म्या मोजली म्हून नेलं.”

महिनाभर. सात वर्षांची पोर हे पोटात घेऊन महिनाभर माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिला आंधळ्यालासुद्धा दिसेल म्हटलं होतं. मी तिला घट्ट धरलं आणि रडले. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

धुळा आमच्याजवळ उकिडवा बसला. बराच वेळ त्यानं जमिनीवर काठीनं रेघा ओढल्या. मग म्हणाला, “येडी का काय तू? त्या दिशी वाघर म्याच सैल बांधली हुती. लांडगा तिकडनं शिरला. तुजा काय दोस?”

“खरं, आबा?”

“आयशीला इचार.”

नंतर बाणाई गुंडीला पाणी पाजायला गेली तेव्हा मी वाघरीच्या गाठींकडे बघितलं. एकेक गाठ अशी आवळलेली की मला नखानंही हलवता आली नसती. धुळानं माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

घरी येऊन शर्वरीला फोन लावला. सगळं ऐकल्यावर तिनं बाणाईच्या नोंदी उघडल्या.

“पहिल्या दिवशी बारा, बरोबर. त्यानंतर एकही उत्तर नाही. पण आई, बाहुली सतत मोठी आहे. प्रत्येक मेंढीवर नजर थांबलीये. आम्हाला वाटलं, प्रयत्न करतेय पण जमत नाही.”

“प्रयत्न करतच होती. न मोजण्याचा. किती वेळा विचारलं तुझ्या पाटीनं?”

तिनं आकडा वाचला. “चारशे अकरा वेळा.”

“आणि एकदाही ‘का गं, काय झालं?’ म्हणाली नाही.”

“एकदाही रागावली पण नाही!” शर्वरीचा आवाज चढला. तो अगदी माझ्यासारखा चढतो. “तू किती वेळा विचारलंस, आई? दुसरीत मी तुझ्याच वर्गात होते. घड्याळ वाचता येत नाही म्हणून तू मला बाहेर उभं केलंस. आठवतंय?”

आठवत होतं. बाईंची मुलगी म्हणून लाड नकोत, असा मोठा ताठा होता तेव्हा माझा.

“येत होतं मला घड्याळ,” ती म्हणाली. “पण बरोबर सांगितलं की पोरं चिडवायची, ‘बाईंनी घरी शिकवून पाठवलं.’ म्हणून मी गप्प बसायचे. तू कधी विचारलंच नाहीस. म्हणून ही पाटी, आई. निदान ती तरी कुणाला बाहेर उभं करणार नाही.”

“चुकलं माझं, शरू,” मी म्हटलं. “बावीस वर्षं उशिरा म्हणतेय, पण चुकलं. तू केवढी होतीस गं.”

पलीकडून ती नाक ओढत म्हणाली, “आता शुक्रवारचं बोल. यंदाचा बदल तू वापरलायस. नवा बदल मार्चच्या आत मिळणार नाही. मनानं काही बदललंस तर अख्ख्या वर्गाची चाचणी रद्द.”

“मग?”

“एक वाट आहे. मूळ पाठाकडे परत जायला परवानगी लागत नाही. पण एकटीसाठी नाही, सगळ्या वर्गासाठी. मेंढ्या जातील, लिफ्ट येतील. बाकीच्या पोरांचे गुण थोडे उतरतील आणि तुझ्या वर्गाचं नाव जिल्ह्याच्या यादीत वर आहे ते खाली जाईल.”

“जाऊ दे खड्ड्यात यादी,” मी म्हटलं, आणि शर्वरी त्या रडक्या आवाजात हसली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला खरं सांगितलं. मेंढ्या जाणार म्हटल्यावर आरडाओरडा झाला. मग मी विचारलं, जे जूनमध्येच विचारायला हवं होतं. “पोरांनो, काय मोजलेलं चालतं आणि काय चालत नाही?” फोन चालू ठेवला होता, शर्वरी पलीकडून ऐकत होती.

पोरं तुटून पडली. मेंढरं नाहीत. माणसं नाहीत. ताटातली भाकरी नाही. “चांदन्या मोजल्या की चामखीळ येती, बाई,” असं संपतनं हातावरची दाखवून सिद्ध केलं. आणि काय चालतं? दगड चालतात. पावलं चालतात. विजेचे खांब चालतात.

“आणि लिफ्ट?” मी विचारलं.

बाणाईनं हात वर केला. महिन्यात पहिल्यांदा. “लिफ्ट चालती, बाई. नुसता डबा हाय त्यो. वर जातो, खाली येतो. त्याला काय हुतंय?”

ज्या लिफ्टवरून मी पुण्याला फोन करकरून भांडले होते, ती माझ्या पोरीच्या कामाला आली. शुक्रवारी बाणाईची पाटी थांबली नाही. सत्तरच्या पुढे गुण आले. बाकीच्यांचे उतरले, यादीत आम्ही कुठल्या कुठे गेलो आणि मुख्याध्यापक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांनाही शेंगदाणे दिले.

दिवाळीत शर्वरी घरी आली. फराळापेक्षा पाटीवरच जास्त बसली. सुट्टी संपायच्या आत तिनं एक गोष्ट कंपनीकडून मंजूर करून आणली, सगळ्या पाट्यांसाठी. पोर तीनदा गप्प राहिलं की पाटीनं चौथ्यांदा विचारायचं नाही. तिनं म्हणायचं, ‘सांगायचं नाही का? बरं. बाईंना सांगशील?’ आणि मला हाक मारायची. ही बाहुलीवरून समजणारी गोष्ट नाही, असं शर्वरीनं तिच्या साहेबांना सांगितलं म्हणे.

मीही एक बदल केला. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. हजेरीला डोकी मोजणं सोडलं. दारात उभी राहते आणि विचारते, “कोण आलं नाही?”

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी विचारलं, तर सगळी एका सुरात ओरडली, “बाणी!”

त्याच दिवशी धुळाची मेंढरं निघणार होती. गुण आले खरे, पण सात वर्षांचं लेकरू. आईच्या मागे गेलं तर त्याला कोण आणि काय म्हणणार? वर्ग संपतच्या ताब्यात देऊन मी पदर खोचला आणि सडकेला लागले.

कळप पुलापाशी पोचला होता. पुढे घोड्यावर बिऱ्हाड, घोड्याचा लगाम धरून बाणाईची आई. ती मागे वळून बघत नव्हती. बघितलं असतं तर पाय निघाला नसता. पुलाच्या कठड्यापाशी दप्तर घेऊन बाणाई उभी होती, शेजारी आत्या. मेंढरं समोरून जात होती आणि पोरीचे ओठ हलत होते. चांदी गेली. तांबडी गेली. लंगडी गेली. सगळ्यांत मागे गुंडी आणि तिच्यामागे धुळा.

तो रोजच्यासारखा थांबला. रोजचाच प्रश्न विचारला. “समदी हायती का गं, बाणे?”

“समदी हायती, आबा.” तिनं दप्तर खांद्यावर सरकवलं. “येक मीच न्हाई.”

घोंगडीच्या टोकानं धुळानं तोंड पुसलं, मग वाकून तिच्या दोन्ही वेण्या नीट केल्या.

“तू न्हाईस कशी?” तो म्हणाला. “तू साळंत हायेस. म्या रोज सांजच्याला तुजं बी नाव घीन.”

कळप वळणापलीकडे जाईपर्यंत ती हलली नाही. मग तिनं माझं बोट धरलं आणि आम्ही शाळेकडे चालायला लागलो. नाक वाहत होतं, डोळे लाल होते, पण थोड्या वेळानं आवाज ऐकू आला. “येक. दोन. तीन.” ती विजेचे खांब मोजत होती. शाळेपर्यंत एकोणीस भरले.

वर्गात संपतनं पोरांना हाताची घडी घालून बसवलं होतं. बाणाई तिच्या जागेवर जाऊन बसली. मी दारातून परत विचारलं, “कोण आलं नाही?”

पोरांनी मागेपुढे बघितलं, बाकाखालीसुद्धा बघितलं.

“समदी आली, बाई.”

हजेरीपटावर आकड्याची चौकट असते. ती मी रिकामी ठेवली आणि शेजारी लिहिलं, सगळी आली.